कोंड्याचं तेल, करडईचा हट्ट

प्रश्न : डॉक्टर ताई, मी ४७ वर्षांची शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ निघालं. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी सुरू केली. आमचे किराणा दुकानदार म्हणाले, "मॅडम, राईस ब्रॅन, म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं तेल न्या, त्यात ओरायझेनॉल असतं, दोन महिन्यांत कोलेस्टेरॉल उतरतं." पाकिटावर मोठं लाल हृदय छापलंय. पण सासूबाई करडईशिवाय दुसरं तेल घरात येऊ देत नाहीत. हे ओरायझेनॉल नेमकं काय? आणि तेल बदललं तर गोळी बंद करता येईल का? (एक वाचक, सेलू)

उत्तर : सेलूच्या ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. गोळी बंद करू नका, मनानं अर्धीही करू नका. आता निवांत बसा, बाकीचं सांगते.

ओरायझेनॉल ही दुकानदारानं सोडलेली पुडी नाही, वस्तू खरी आहे. १९५४ साली जपानमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या तेलातून ती पहिल्यांदा वेगळी काढली. भाताचं शास्त्रीय नाव ओरायझा सटायव्हा, त्यावरून हे नाव पडलं. तेव्हा वाटलं होतं की हा एकच पदार्थ आहे. पुढे कळलं की ही अख्खी भावकी आहे. एका बाजूला फेरुलिक आम्ल, दुसऱ्या बाजूला वनस्पतींमधली स्टेरॉलं, अशा जोड्याच जोड्या. यातलं फेरुलिक आम्ल म्हणजे तो पाकिटावरचा अँटिऑक्सिडंट. हवेतला ऑक्सिजन तेलाला खवट करायला निघाला की ते मध्ये पडतं आणि मार स्वतः खातं. डब्यात आणि कढईत हे काम ते नक्की करतं. तुमच्या रक्तवाहिनीत जाऊन तितक्याच जोमानं करतं का, हा वेगळा प्रश्न, कारण आतड्यातून ओरायझेनॉल फार शोषलंच जात नाही.

कोलेस्टेरॉलचं गणित आतड्यातच घडतं. वनस्पतींची स्टेरॉलं दिसायला आपल्या कोलेस्टेरॉलसारखीच. शोषून घ्यायच्या वाटेवर हे तोतये गर्दी करतात आणि खऱ्या कोलेस्टेरॉलला जागा कमी पडते. देवगिरी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात सेलूला चढणाऱ्याला जशी जागा मिळते, तशी. काही आत शिरतं, बरंचसं फलाटावरच राहतं.

आता किती उतरतं ते पाहू. २००५ साली अमेरिकेतल्या पेनिंग्टन संशोधन केंद्राचा एक अभ्यास आला. त्यात राईस ब्रॅन तेलानं एलडीएल सुमारे ७ टक्के उतरलं. नुसता तेल काढलेला कोंडा खाऊन मात्र काहीच फरक पडला नाही. त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास मला जास्त आवडतो, कारण त्यानं जाहिरातवाल्यांची पंचाईत केली. कोलेस्टेरॉल थोडं वाढलेल्या पुरुषांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम कोंड्याचं तेल दिलं. एका गटाच्या पोटात दिवसाला ५० मिलिग्रॅम ओरायझेनॉल जात होतं, दुसऱ्याच्या ८००. म्हणजे सोळा पट. दोन्ही गटांचं एलडीएल सारखंच उतरलं, साधारण १० टक्के. सोळा पट ओरायझेनॉलनं पदरात जास्तीचं काही पडलं नाही. ओरायझेनॉलमधली बरीचशी स्टेरॉलं जरा वेगळ्या बांधणीची असतात, ती या गर्दीच्या खेळात फारशी कामाची नाहीत. त्याच तेलात जी साधी, मोकळी स्टेरॉलं असतात ती आणि तेलातल्या मेदाम्लांचा मेळ, खरं काम यांचं दिसतं. नाव मात्र ओरायझेनॉलचं झालं. लग्नात राबतं कोण आणि फेटा कुणाच्या डोक्यावर, तसला प्रकार.

तुमच्या १४८ चे १० टक्के म्हणजे १५. तेलानं फार तर १३३ पर्यंत याल, तेही तेल एरवीइतकंच वापरलं तर. तुम्हाला दिलेली गोळी बहुधा स्टॅटिन असणार. ती नेहमीच्या मात्रेत ३० टक्के किंवा त्याहून जास्त उतरवते. म्हणून म्हटलं, गोळीला हात लावू नका. आणि एक विचारायचं राहिलं. थायरॉइड तपासलंय का? तुमच्या वयाच्या बाईचं एलडीएल वाढलं की मी ते आधी बघते. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉल त्यानंही चढतं, आणि मग दोष विनाकारण तेलाच्या डब्यावर जातो.

पाकिटावर '१०,००० पीपीएम ओरायझेनॉल' असं लिहिलेलं दिसेल. आकडा दांडगा वाटतो, पण त्याचा अर्थ फक्त १ टक्का, म्हणजे १०० ग्रॅम तेलात १ ग्रॅम. तिथंच 'कोलेस्टेरॉल फ्री' असंही असेल. ते वाचून हसा आणि पुढे चला. शेंगदाणा, करडई, तीळ, सोयाबीन, कुठल्याच तेलात मोजण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं. म्हशीच्या दुधावर 'अंडी फ्री' लिहिण्यातली गत.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः हे तेल घरात आणलं, 'चांगलं तेल, चांगलं तेल' करत. घरात आम्ही दोघंच. करडईच्या दिवसांत दोन महिन्यांना तीन लिटर तेल लागायचं. हे आलं आणि पाच लिटरचा डबा दोन महिन्यांत तळाला जायला लागला. सहा महिन्यांनी माझं वजन तीन किलोनं वाढलेलं, आणि एलडीएल जेमतेम दोननं खाली. डॉक्टर असून माझी ही तऱ्हा.

मग एका रविवारी फोडणीची पळी वजनकाट्यावर ठेवली. रिकामी ६४ ग्रॅम, भरलेली ८१. म्हणजे एक पळी १७ ग्रॅम. भाजीला एक, वरणाला एक, आणि 'कोरडं दिसतंय' म्हणून वरून अर्धी. कागदावर मांडलं तेव्हा कळलं : आधी माणशी दिवसाला २३ ग्रॅम जात होतं, आता ३८. वरचे १५ ग्रॅम म्हणजे रोज १३५ कॅलरी. असं का झालं, तेही लक्षात आलं. करडईला वास असतो. जास्त झालं की नाक सांगतं, बास. या तेलाला वास नाही, चव नाही, भाजीत दिसतसुद्धा नाही. हात सैल सुटतो.

आता सासूबाई. त्यांच्याशी भांडू नका, त्यांची बाजू लंगडी नाही. करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल हे असंपृक्त मेदाम्ल असतं. तूप, डालडा, पामतेल यांच्या जागी ते आलं तर एलडीएल त्यानंही उतरतं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम' हे करडईचं वाण काढलं ते उगाच नाही. आपल्या भागात करडई मागे पडली ती तेलात खोट होती म्हणून नव्हे. काट्यामुळं काढणीला माणूस मिळेना, आणि सोयाबीनच्या मागं हरभऱ्याचा हिशेब सोपा बसला. रोजच्या भाजी-वरणाला सासूबाईंचं करडईच ठेवा. तळणाला, धपाट्याला तुमचं राईस ब्रॅन आणा. दोन तेलं फिरवून वापरण्यात कुणाचा अपमान होत नाही. फक्त एक तारखेला डब्यावर खूण करा. महिन्याला माणशी अर्धा ते पाऊण लिटर, त्यात दोन्ही तेलं आली.

प्रश्न : आमच्याकडं कोंडा म्हशीला घालतात. आता त्याचंच तेल दुकानात येतंय. कोंड्यात तेल येतंच कुठून? आणि ते पेट्रोल टाकून काढतात असं ऐकलं, खरं का? (एक शेतकरी, बिलोली तालुका)

उत्तर : दादा, बिलोलीकडून पत्र आलं की माझा जीव हलतो. माझी मावशी तुमच्या सीमेपलीकडं, बोधनला दिलेली. तेव्हा ते आंध्रात होतं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोरं तिच्या घरामागच्या राईस मिलमध्ये पडीक असायचो. कोंडा पडायच्या तोंडाशी हात धरला की कोमट, पिठूळ, थोडा तेलकट. मुठीत दाबला की लाडू व्हायचा. वास गोडसर, भाजलेल्या ताज्या पिठासारखा. तोच कोंडा तिसऱ्या दिवशी गोणीतून काढला की नाकाला झोंबायचा, साबणासारखा. मावशीची म्हैससुद्धा शिळ्या कोंड्याला तोंड फिरवायची. तेव्हा वाटायचं म्हैस माजलीय.

पुढे जीवरसायनशास्त्र शिकले तेव्हा म्हशीची माफी मागावीशी वाटली. दाण्यात तेल एका थरात असतं आणि ते तेल फोडणारं लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) दुसरीकडं. दाणा अख्खा आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. मिलमध्ये साळी घासली की दोघं एकत्र येतात आणि तासाभरात तोडफोड सुरू. रोज काही टक्के तेल फुटून मोकळी आम्लं होतात. म्हणून कोंड्याचं तेल हे तंत्रापेक्षा घाईचं काम आहे. कोंडा ताजा असताना तो वाफेनं तापवून लायपेज मारायचं, नाहीतर लगोलग तेलाच्या कारखान्यात पोचवायचा. आपल्याकडं वर्षानुवर्षं कोंडा गुरांना किंवा साबणाला गेला त्याचं मोठं कारण हेच.

तूस आणि कोंडा यांत घोळ करू नका. वरचं टरफल ते तूस, त्यात तेल नाही. शंभर किलो साळी भरडली की साधारण वीस किलो तूस निघतं आणि आठ किलोच्या आसपास कोंडा. त्या कोंड्यात १५ ते २० टक्के तेल. म्हणजे क्विंटलभर साळीमागं दीड किलोच्या आतबाहेर. जुन्या हलरवर तूस आणि कोंडा एकत्रच पडतो, म्हणून त्या मालाला तेलवाले भाव देत नाहीत.

पेट्रोलचं म्हणाल, तर ऐकलंय त्यात निम्मं खरं आहे. इतकं कमी तेल घाण्यात पिळून निघत नाही. हेक्झेन नावाच्या द्रावकात ते विरघळवून घेतात. हेक्झेन खनिज तेलापासूनच येतं, पण ते ६९ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून वाफेनं उडवून परत गोळा करता येतं. शुद्ध केलेल्या तेलात ते दहा लाखात पाच भागांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही, असा नियम आहे. लातूरकडं सोयाबीनचं तेल निघतं ते बहुतेक याच वाटेनं. तेव्हा सोयाबीनचं तेल खाऊन कोंड्याच्या तेलाला नाक मुरडण्यात अर्थ नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं १९८० नंतरच्या काळात हे तेल खाण्याजोगं आहे का, ते प्राण्यांवर आणि माणसांवर नीट तपासलं. त्यात वावगं निघालं नाही.

कुणी 'घाण्याचं राईस ब्रॅन' म्हणून विकायला आलं तर मात्र त्याला चहा पाजून परत पाठवा.

शुद्ध करण्याच्या दोन रीती आहेत, आणि ओरायझेनॉलचं नशीब तिथं ठरतं. एका रीतीत कॉस्टिक सोडा घालून मोकळ्या आम्लांचा साबण करून तो काढून टाकतात. ओरायझेनॉल स्वभावानं किंचित आम्ल आहे, त्यामुळं तेही बहुतांश त्या साबणाबरोबर जातं. दुसऱ्या रीतीत सोडा न वापरता निर्वातात वाफेनं आम्लं उडवतात, तेव्हा ओरायझेनॉल बरंचसं मागं राहतं. पाकिटावर 'फिजिकली रिफाइन्ड' लिहिलेलं असतं ते याचसाठी. रंग थोडा गडद, तांबूस दिसला तर बिचकू नका. फार पांढरंफटक तेल बघून खूश व्हायची आपली सवयच उलटी आहे.

प्रश्न : मॅडम, मी २२ वर्षांचा आहे, जिम करतो. ट्रेनर सरांनी ओरायझेनॉलच्या गोळ्या दिल्यात, स्नायू वाढतात म्हणे. महिन्याला बाराशे रुपये जातात. घेऊ का? (लातूर)

उत्तर : नको घेऊ. १९९७ साली याच गोष्टीचा नीट अभ्यास झालाय. वजन उचलणाऱ्या मुलांना नऊ आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम ओरायझेनॉल दिलं, दुसऱ्या गटाला दिसायला तशीच खोटी गोळी. ताकद दोन्ही गटांची वाढली, आणि सारखीच वाढली. व्यायामानं वाढली, बाळा. बाराशे रुपयांत महिन्याची अंडी, शेंगदाणे आणि दूध येतं. उरले तर आईच्या हातावर ठेव.

प्रश्न : पाळी जाण्याच्या काळात अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं भिजते. जपानमध्ये यासाठी तांदळाच्या तेलाचं औषध देतात असं वाचलं. ते तेल खाऊन आराम पडेल का? (जालना)

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. जपानमध्ये १९६० नंतर ओरायझेनॉल औषध म्हणून आलं. आधी अस्वस्थपणासाठी, मग पाळी जाण्याच्या काळातल्या तक्रारींसाठी, आणि पुढे कोलेस्टेरॉलसाठी. मात्रा दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या घरातली. बायकांना बरं वाटलं असं त्या अभ्यासांत दिसतं. पण ते अभ्यास अगदी लहान होते, आणि या वाफांचा स्वभाव असा की साध्या साखरेच्या गोळीनंही पुष्कळ जणींना बरं वाटतं. त्यामुळं मी ते औषध म्हणून सुचवणार नाही. ३०० मिलिग्रॅम भरून काढायला म्हणून तेल वाढवणं तर मुळीच नको, त्यानं घाम कमी होणार नाही आणि पोट तेवढं सुटेल. रात्री झोप मोडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जा. यावर खात्रीचे उपाय आहेत, आणि 'या वयात असंच असतं' म्हणून सोसत बसायचं काही कारण नाही.

प्रश्न : माझा भजी-वड्याचा गाडा आहे. राईस ब्रॅन तेल जास्त तापवलं तरी खराब होत नाही, तेच तेल चार-पाच दिवस चालतं, असं तेल देणारा सांगतो. खरं आहे का? (परभणी)

उत्तर : पहिलं अर्धं वाक्य जवळजवळ खरं, दुसरं धंद्याचं. हे तेल २३० अंशांच्या आसपास धूर धरतं, आणि वडा तळायला १८० पुरतात. करडईपेक्षा हे तळणाला टिकाऊ आहे, ओरायझेनॉल आणि त्याच्या सोबतचं ई जीवनसत्त्व यांची त्याला मदत होते. पण ते संरक्षण तळता तळता खर्च होतं. दुसऱ्या दिवशी ते शिल्लक असेलच असं धरून चालू नका.

१ जुलै २०१८ पासून नियम आहे की तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल फुटून झालेला खराब माल, २५ टक्क्यांवर गेला की ते तेल वापरायचं नाही. तुमच्याकडं मोजायचं यंत्र नाही, हे मला माहीत आहे. मग डोळा आणि नाक वापरा. वडा सोडल्यावर फेस कढईच्या काठापर्यंत चढून तिथंच रेंगाळतो का? झाऱ्यावरून तेल धारेऐवजी चिकट तारेसारखं उतरतं का? वडा घालायच्या आधीच धूर येतो का? यातलं एक जरी दिसलं तरी ते तेल गेलं. पिठाचे जळके कण दर घाण्यानंतर काढत जा, तेलाचं आयुष्य त्यांनीच जास्त घटतं. आणि जुन्या तेलात नवं ओतून 'ताजं केलं' म्हणू नका. मी तुमच्याच शहरात राहते, वडा खाल्ला की दुसऱ्या घासाला मला कळतं.

प्रश्न : सुनेनं कोंड्याचं तेल आणलं. भाकरीवर चटणी घेऊन कच्चं तेल टाकलं तर पाण्यावाणी लागतं. माझं वय ७२. मी काय करू? (औसा)

उत्तर : आजी, तुमची जीभ बरोबर सांगतेय. त्या तेलाला चव नाहीच, ती शुद्ध करताना काढून टाकलेली असते. कच्चं घ्यायला ते बनलेलंच नाही. ज्वारीच्या गरम भाकरीवर, शेंगदाण्याच्या चटणीत, घाण्याचं करडईचं तेल एक चहाचा चमचा रोज घ्या, तेवढं तुमच्या हक्काचं. सुनेला म्हणावं, तळणाला तुझं, ताटात माझं. तुम्ही पत्राच्या कडेला पेन्सिलीनं येसर करायची कृती लिहायला घेतली होती, ती 'धने भाजून' इथं पान संपल्यामुळं तुटलीय. उरलेली पुढच्या पत्रात पाठवा.